फाईल मॅनेजर उघडायला लागणारे २५ सेकंद

संगणक सुरू करून पहिल्यांदा फाईल मॅनेजरच्या चिन्हावर क्लिक केले की काहीच घडत नसे. माउसच्या बाणाशेजारी फिरणारे वर्तुळ थोडा वेळ दिसे, मग तेही नाहीसे होई, आणि क्लिक लागलेच नाही असे समजून मी पुन्हा दोनतीनदा क्लिक करीत असे. अर्ध्या मिनिटाच्या आसपास मी दुसऱ्या कामाला लागलेली असताना एकदम तीन-चार खिडक्या एकामागून एक उघडत आणि समोरचा मजकूर झाकून टाकत. त्यानंतर मात्र दिवसभर तोच फाईल मॅनेजर क्लिक करताक्षणी उघडे. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पुन्हा तेच. हा प्रकार जवळजवळ महिनाभर मी सहन केला. फक्त दिवसाच्या सुरुवातीला होणारा त्रास दुपारपर्यंत विसरला जातो, एवढेच त्याचे कारण.

संगणक जुना असला तरी टाकाऊ नाही. आठ जीबी मेमरी आहे, मूळ प्रणाली २४० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर आहे आणि फोटो, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे असा सगळा घरगुती संग्रह एक टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहे. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे आणि त्याच्याबरोबर येणारा थुनार हा फाईल मॅनेजर मी अनेक वर्षे वापरते आहे. थुनार कमी मेमरीत चालतो आणि चटकन उघडतो, म्हणूनच मी तो निवडला होता. तोच अडकू लागल्यावर संशय प्रथम हार्ड डिस्कवर गेला, कारण घरातल्या संगणकात लवकर थकणाऱ्या भागांपैकी तो एक असतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती स्मार्ट नोंद मी काढून पाहिली. त्यात दोन आकडे विशेष पाहण्यासारखे असतात: खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे, किती, आणि वाचता न आल्यामुळे निर्णयाविना लटकलेले सेक्टर किती. दोन्ही आकडे शून्य होते. म्हणजे डिस्कने निदान तक्रार तरी केलेली नव्हती. हा तपास पाच मिनिटांचा आहे, आणि काहीही बिघडलेले नसताना पाच मिनिटे गेली तरी चालतील, पण डिस्क खरोखर जात असेल तर बाकीची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्यावा लागतो, म्हणून तो सर्वांत आधी केला याचे मला समाधान आहे.

त्यानंतर मात्र माझ्या हातून चूक झाली. मापन न करता मी साफसफाई सुरू केली. फाईल मॅनेजर संथ झाला तर थंबनेलांचा, म्हणजे फाईलींच्या छोट्या चित्ररूपांचा, साठा पुसावा, असे कधीतरी ऐकलेले डोक्यात होते, आणि घरच्या फोल्डरमधल्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, तो साठा बराच फुगलेलाही होता. मी तो सगळा पुसून टाकला. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा पहिली खिडकी पूर्वीइतकाच वेळ घेऊन उघडली, आणि भरीस भर म्हणून फोटोंचे फोल्डर, जे आतापर्यंत ठीक चालत होते, तेही रेंगाळू लागले. आता माझ्यापुढे एकाऐवजी दोन दुखणी होती, आणि मी पुढचे दोन दिवस त्यांना एकच दुखणे समजून चालले होते.

सुटकेचा धागा माझ्या मुलीच्या हाती लागला. तिला शाळेच्या प्रकल्पासाठी एक फाईल हवी होती, संगणक नुकताच सुरू केलेला होता, आणि खिडकी उघडण्याची वाट पाहताना ती सहज घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत आकडे मोजत होती. फाईल घेतल्यावर संगणक बंद केला आणि थोड्या वेळाने काहीतरी राहिले म्हणून पुन्हा सुरू केला, तेव्हा तिने पुन्हा मोजले आणि म्हणाली, "आई, मघाशीही पंचवीस आले होते, आताही पंचवीसच आले." त्या संध्याकाळी मी फोनवरच्या स्टॉपवॉचने पाच वेळा मोजले, दर वेळी संगणक पूर्ण बंद करून. हाताने बटण दाबण्यात जो फरक पडतो तो सोडला तर पाचही वेळा आकडा २५ च्या पुढेमागेच होता.

हा सारखेपणा पाहिल्यावर माझा सगळा तर्क बदलला. काम करताना लागणारा वेळ कधीच असा सारखा येत नाही. डिस्कवर त्या क्षणी आणखी काय चालले आहे, मेमरीत आधीपासून काय आहे, फोल्डरमध्ये किती फाईली आहेत, यांनुसार तो एकदा १८ सेकंद, एकदा ३१ सेकंद असा हलत राहतो. जो वेळ दर वेळी तेवढाच येतो, तो कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो. म्हणजे फाईल मॅनेजर संथपणे काम करीत नव्हता, तर कुणाच्या तरी उत्तरासाठी ताटकळत उभा होता, आणि ठरलेली मुदत संपल्यावर उत्तराशिवाय पुढे जात होता. ही शंका पडताळून पाहणे सोपे होते. एका खिडकीत प्रोसेसर आणि डिस्क यांचा वापर दाखवणारे प्रोग्रॅम चालू ठेवले, दुसरीकडे फाईल मॅनेजरवर क्लिक केले आणि पाहत राहिले. पूर्ण २५ सेकंद प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता आणि डिस्कवर नाव घेण्यासारखे काही वाचले जात नव्हते. त्याच वेळी टर्मिनलमध्ये, म्हणजे लेखी आदेश देण्याच्या खिडकीत, त्याच फोल्डरची यादी मागितली तर ती डोळ्याचे पाते लवण्याआधी आली. डिस्क, फाईल सिस्टिम आणि फोल्डर यांचा या दिरंगाईशी काही संबंध नाही, हे एवढ्यावरून पक्के झाले.

पुढचा प्रश्न असा की, बिघाड माझ्या सेटिंगमध्ये आहे की सगळ्या संगणकाच्या. यासाठी मी एक नवा वापरकर्ता तयार केला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि थेट त्या नव्या खात्यातून आत शिरले. तिथे ना नेहमीच्या फोल्डरांसाठी ठेवलेल्या माझ्या खुणा, ना माझा इतिहास, ना माझी थंबनेले. फाईल मॅनेजर उघडायला तिथेही २५ सेकंदच लागले. या एका प्रयोगाने माझे केवढे नुकसान टळले हे सांगितले पाहिजे, कारण त्याच्या आदल्या रात्री मी थुनारची सगळी सेटिंगे पुसून नव्याने सुरुवात करण्याच्या बेतात होते. माझे सानुकूल आदेश, कडेच्या पट्टीतल्या खुणा, स्तंभांच्या रुंदी, सगळे गेले असते आणि दुखणे तसेच राहिले असते.

मध्येच एक पळवाटही सापडली होती. थुनारला लॉगिन होताच पडद्यामागे चालू करून ठेवता येते, म्हणजे क्लिक करण्याच्या वेळी तो आधीच तयार असतो. मी तसे करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी खिडकी लगेच उघडली. पण ते २५ सेकंद कुठेही गेले नव्हते. मी लॉगिननंतर चहा आणायला उठत असल्यामुळे ते माझ्या माघारी जात होते, इतकेच. लॉगिन होताच क्लिक केले की तीच वाट पाहणे. कारण कळले नसताना लक्षण झाकून टाकणारा उपाय मला स्वीकारावासा वाटला नाही, म्हणून ती सोय मी काढून टाकली.

आता प्रोग्रॅम नेमका कुठे थबकतो हे पाहणे भाग होते. लिनक्सवर एसट्रेस नावाचे साधन आहे. एखादा प्रोग्रॅम चालताना तो कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, ज्या ज्या मागण्या करतो, त्या सगळ्या हे साधन एकेक ओळ करून दाखवते. प्रत्येक ओळीत मागणीचे नाव, कंसात तिचे तपशील आणि शेवटी कर्नलने दिलेले उत्तर असते. संगणक नव्याने सुरू करून मी टर्मिनलमधून थुनार एसट्रेसच्या नजरेखाली चालवला, आणि त्याने सुरू केलेले सगळे धागेही (एकाच वेळी चालणारी उपकामे) दाखवावेत असे सांगितले. पडद्यावर शेकडो ओळी वेगाने वर सरकल्या, फाँट उघडले, चिन्हे वाचली, भाषांतरांच्या फाईली शोधल्या, आणि मग सगळे एका ओळीवर येऊन थांबले. ती ओळ अर्धवट होती. मागणीचे नाव होते पोल, म्हणजे कुणाकडून काही येते का ते पाहत राहण्याची मागणी. आणि तिच्या तपशिलांत शेवटी २४९९९ हा आकडा होता. हा आकडा मिलिसेकंदांचा असतो. कंस बंद झालेला नव्हता, उत्तर आलेले नव्हते, आणि कर्सर तिथेच लुकलुकत होता. मी श्वास रोखून पाहत राहिले. मुदत भरली, कंस बंद झाला, उत्तर म्हणून शून्य आले, म्हणजे काहीच आले नाही, आणि त्यासरशी पुढच्या ओळी धो धो वाहू लागून खिडकी उघडली. महिनाभराचा त्रास त्या एका अर्धवट ओळीत माझ्यासमोर उभा होता.

२५ सेकंद ही मुदत लिनक्सच्या डेस्कटॉपवर कुठे आढळते, हे शोधायला फार वेळ लागला नाही. या डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी डी-बस नावाच्या व्यवस्थेतून बोलतात. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. किती वेळ वाट पाहायची हे त्याने स्वतः सांगितले नसेल, तर डी-बसच्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संग्रहात, आधीपासून ठरलेली मुदत लागू होते, आणि ती मुदत २५ सेकंदांची आहे. फाईल मॅनेजर ज्याच्याशी बोलत होता तो प्रोग्रॅम होता जीव्हीएफएस. जीनोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या २.२२ आवृत्तीबरोबर २००८ साली आलेला हा थर कचरापेटी, जोडलेला फोन, कॅमेरा, नेटवर्कवरचे दुसरे संगणक अशा गोष्टी साध्या फोल्डरांसारख्या दिसाव्यात म्हणून असतो, आणि थुनार हा जीनोमचा भाग नसला तरी त्याचाच आधार घेतो. डी-बसवरचे निरोप पाहण्याचे साधन लावून पाहिले तेव्हा थुनारचा निरोप जाताना दिसला, त्याला उत्तर आलेले दिसले नाही. जीव्हीएफएसचा जो भाग नेटवर्क हा फोल्डर तयार करतो, त्याच्यापाशी तो निरोप अडकून पडला होता.

इथे मी टर्मिनल सोडून उठले आणि संगणकाच्या मागची नेटवर्कची केबल काढली. केबल काढलेल्या अवस्थेत संगणक सुरू केला, थुनारवर क्लिक केले, आणि खिडकी एका सेकंदात उघडली. केबल लावून पुन्हा सुरू केला, २५ सेकंद. केबल काढून पुन्हा, एक सेकंद. इतक्या साध्या प्रयोगाने इतके स्वच्छ उत्तर मिळाल्याचा आनंद मी लपवणार नाही.

थुनारच्या वापरकर्त्यांमध्ये या जागी एक उपाय परिचित आहे. जीव्हीएफएसच्या फोल्डरात नेटवर्कसाठी एक छोटी मजकुराची फाईल असते, तिच्यात आपोआप जोडणी करावी असे सांगणारी ओळ असते. तिथे होयऐवजी नाही लिहिले की पहिल्या वेळी नेटवर्क चाचपडणे बंद होते आणि खिडकी लगेच उघडते. मी ते करून पाहिले आणि ते लागू पडलेही. परंतु ती फाईल प्रणालीच्या मालकीची असते आणि जीव्हीएफएसची पुढची आवृत्ती आली की ती पुन्हा मूळ रूपात लिहिली जाण्याची शक्यता असते. शिवाय माझा खरा प्रश्न अजून बाकी होता. अनेक घरांत हाच फाईल मॅनेजर हाच नेटवर्क फोल्डर तयार करतो आणि तरीही चटकन उघडतो; मग माझ्याच संगणकावर तो कुणाची वाट पाहतो? मी बदल मागे घेतला आणि आणखी एक पायरी खाली उतरले.

नेटवर्क फोल्डर तयार करताना जीव्हीएफएस आसपासच्या संगणकांचा शोध घेण्यासाठी एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे पडद्यामागचा वेगळा प्रोग्रॅम, चालवतो, आणि ती सांबाची लायब्ररी वापरते. विंडोजच्या पद्धतीने फाईली वाटून घेण्याचे काम लिनक्सवर सांबा करते. एसट्रेस या वेळी त्या प्रोसेसला लावला. आता पडद्यावर एकच ओळ थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा उमटत होती: १३७ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरच्या ठरावीक कामासाठीच्या दारावर), नेहमी एकाच पत्त्यावर, एक लहानसा निरोप. उत्तर नाही, पुन्हा निरोप. उत्तर नाही, पुन्हा निरोप. पत्ता वाचला आणि मी तो ओळखला. तो आमच्या दुसऱ्या खोलीत अनेक वर्षे चालू असलेल्या जुन्या संगणकाचा पत्ता होता. घरातल्या सगळ्यांच्या फाईली त्यावर असत. काही महिन्यांपूर्वी त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळला, आम्ही त्यातली डिस्क काढून घेतली आणि तो मोडीत काढला.

त्याला मोडीत काढताना मी त्याची जोडणी माझ्या संगणकावरून काढली होती, कडेच्या पट्टीतली खूणही पुसली होती. परंतु तो नवा असताना, त्याचे नाव इतर संगणकांना सापडावे म्हणून सांबाच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये मी एक ओळ लिहिली होती. नावावरून पत्ता विचारायचा असेल तर या संगणकाला विचारा, अशा अर्थाची ती ओळ होती; विन्स नावाच्या जुन्या व्यवस्थेत असा एक माहितगार नेमता येतो, आणि १३७ हे पोर्ट त्याच विचारपुशीचे. तेव्हापासून ती ओळ तिथेच होती. माझा संगणक रोज सकाळी अस्तित्वात नसलेल्या त्या संगणकाला हाक मारीत होता, सांबा त्याच्या उत्तरासाठी थांबत होती, जीव्हीएफएस सांबासाठी थांबत होता, आणि थुनार जीव्हीएफएससाठी. केबल काढल्यावर सगळे चटकन होत होते, कारण मग निरोप पाठवण्याचा मार्गच नसे आणि नकार तत्काळ मिळे. स्पष्ट नकारापेक्षा मौन किती महाग पडते, हे या प्रकारात मला फार जवळून दिसले.

एक गोष्ट तरीही जुळत नव्हती. जुना संगणक गेला काही महिन्यांपूर्वी, आणि त्रास सुरू झाला महिन्याभरापूर्वी. हे कोडे माझ्या सवयीत दडलेले होते. पूर्वी मी रात्री संगणक बंद न करता नुसता झोपवत असे, त्यामुळे जीव्हीएफएसची पहिली चाचपणी क्वचितच व्हायची. महिन्याभरापूर्वीपासून मी तो रोज पूर्ण बंद करू लागले, आणि जे कधीतरी घडत होते ते रोज सकाळी घडू लागले.

सांबाच्या फाईलची आधी एक प्रत काढून ठेवली, मग ती ओळ पुसली नाही, तर तिच्या सुरुवातीला टिप्पणीची खूण लावून ती निष्प्रभ केली आणि शेजारी तारीख आणि कारण लिहिले. अशी नोंद त्या जुन्या ओळीशेजारी असती तर मला ती कधीच आठवली असती. संगणक बंद करून सुरू केला, केबल लावलेली होती, नेटवर्कची फाईल मूळ रूपात होती. मुलगी शेजारी उभी राहून मोजायला लागली आणि तिचा दुसरा आकडा पूर्ण होण्याआधी खिडकी उघडली.

उरले फोटोंचे फोल्डर. तिथे मोजलेला वेळ दर वेळी वेगळा येत होता, प्रोसेसर गुंतलेला होता आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत होता. म्हणजे ही वाट पाहणे नव्हते, हे खरेखुरे काम होते. त्या फोल्डरमध्ये काही हजार फोटो आहेत आणि त्यांची थंबनेले मीच पुसलेली होती, त्यामुळे टंबलर हा प्रोग्रॅम प्रत्येक मूळ फोटो पुन्हा वाचून त्याचे छोटे रूप तयार करीत होता. थंबनेलांची व्यवस्था जाणून घेतल्यावर आणखी एक गोष्ट कळली, जी मला आधी माहीत असती तर बरे झाले असते. प्रत्येक थंबनेलच्या फाईलचे नाव हे मूळ फाईलच्या संपूर्ण पत्त्यापासून एमडी५ या गणिती पद्धतीने काढलेली अक्षरमाला असते. पत्ता बदलला की नाव बदलते, जुने थंबनेल कुणाच्याच उपयोगाचे राहत नाही आणि नवे करावे लागते. माझा साठा इतका का फुगला होता याचे उत्तर यात होते: जुन्या संगणकातून काढलेले फोटो मी आधी एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी हलवले होते, आणि प्रत्येक वेळी सगळी थंबनेले नव्याने तयार होऊन जुनीही तशीच पडून राहिली होती. साठा पुसणे अगदीच चुकीचे नव्हते, फक्त ते ज्या दुखण्यासाठी मी केले त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

इथे करण्यासारखे थोडेच होते. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या फाईलींची थंबनेले दाखवू नयेत अशी मर्यादा थुनारच्या पसंतींमध्ये घातली, त्यामुळे लांबलचक व्हिडिओंवर वेळ जाणे थांबले. मग एका रात्री सगळी फोटोंची फोल्डरे एकेक करून उघडली, शेवटपर्यंत खाली सरकवली आणि टंबलरला त्याचे काम पुरे करू दिले. आता ती फोल्डरे लवकर भरतात. संगणक सुरू केल्यावर सर्वांत मोठे फोल्डर पहिल्यांदा उघडताना मात्र अजूनही चार-पाच सेकंद लागतात, आणि एकदा सहा लागले. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीलाच आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि हजारो फाईलींची माहिती तिच्यावर विखुरलेली असेल तर ती गोळा करायला तेवढा वेळ जाणारच. ते फोटो एसएसडीवर हलवले तर तो वेळही कमी होईल, पण २४० जीबीत ते मावत नाहीत.